वेंगुर्ल्यात सायकलसाठी रस्ता मागताना

सायकल मार्गाची गोष्ट निघाली की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे किनारा येतो. माडांच्या सावलीतून जाणारा रंगीत पट्टा, कडेला बाकडी, एखादा सेल्फी पॉइंट. पर्यटनाच्या निधीतून असे काम मंजूर करून घेणे सोपे जाते आणि उद्घाटनाचा फोटोही चांगला येतो. पण वेंगुर्ल्यात रोज सायकलवर बसणारा माणूस वेगळा आहे. हायस्कूलला जाणारी मुले-मुली, खर्डेकर महाविद्यालयात येणारे विद्यार्थी, काजूच्या कारखान्यात किंवा दुकानात कामाला जाणारे, बंदरावरून मासळी घेऊन वाडीवाडीत फिरणारा विक्रेता, बागेत राखणीला जाणारा गडी. यांना धडपणे आणि वेळेत पोहोचायचे असते. त्यामुळे गावासाठी सायकल मार्ग मागायचा तर आधी विचारायचे ते हे: कोणाला कुठून कुठे जायचे आहे, आणि वाटेत नेमका कुठे जीव धोक्यात येतो?

उद्या नगरपरिषदेपुढे असा प्रस्ताव आला, किंवा तुम्हीच तो मांडायचा ठरवलात, तर काय मागावे, नकाशात काय तपासावे आणि कशाला हरकत घ्यावी, हे या लेखात सांगतो. माझे मत सुरुवातीलाच स्पष्ट करतो. वेंगुर्ल्यासारख्या जुन्या, अरुंद गावात सायकलस्वाराला वाचवणारी पहिली गोष्ट म्हणजे गाड्यांचा कमी केलेला वेग. वेगळा मार्ग त्यानंतर, आणि तोही वेग जिथे कमी करता येत नाही तिथे.

हिशोब साधा आहे. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ १४ मीटर पुढे जाते. समोर मूल आल्याचे दिसल्यापासून चालकाचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण एवढाच वेळ जातो. त्यानंतर कोरड्या डांबरावर गाडी पुरती थांबायला आणखी तेवढेच अंतर लागते, म्हणजे एकूण २८ मीटरच्या आसपास. तीच गाडी ताशी ३० किलोमीटरने येत असेल तर १३ मीटरच्या आसपास थांबते. याचा अर्थ असा की ३० ची गाडी जिथे थांबलेली असते, तिथे ५० च्या गाडीचा ब्रेक नुकता लागायला सुरुवात झालेली असते आणि ती जवळजवळ पूर्ण वेगाने मुलाला धडकते. रस्ता ओला असेल तर हे अंतर आणखी वाढते, आणि आपल्याकडे जूनपासून ऑक्टोबरपर्यंत रस्ता ओलाच असतो. फेब्रुवारी २०२० मध्ये स्टॉकहोमला झालेल्या जागतिक रस्ता सुरक्षा परिषदेच्या जाहीरनाम्यात, जिथे पादचारी आणि सायकली गाड्यांमध्ये मिसळतात तिथे कमाल वेग ताशी ३० किलोमीटर ठेवावा असे म्हटले आहे, ते याच कारणाने.

सायकलींसाठी आज जगात ज्याचे नाव घेतले जाते तो देश नेदरलँड्स. वेंगुर्ल्याला डच माणसे अनोळखी नाहीत, सतराव्या शतकातली त्यांची वखार पडक्या अवस्थेत का होईना, गावात उभी आहे. पण तो देशही पहिल्यापासून सायकलींना सांभाळणारा नव्हता. १९७१ साली तिथल्या रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसे मेली आणि त्यांत चारशेहून अधिक मुले होती. आईबाप रस्त्यावर उतरले, ‘मुलांची हत्या थांबवा’ या नावाने चळवळ उभी राहिली, त्यातच १९७३ चे तेलसंकट आले, आणि सरकारला रस्ते नव्याने आखावे लागले. त्या आखणीतला एक भाग आपण नीट समजून घ्यायला हवा. जुन्या गावठाणातल्या अरुंद गल्ल्यांत त्यांनी वेगळे सायकल मार्ग बांधले नाहीत. तिथे गाड्यांनाच इतके हळू केले की सायकल आणि मोटार एकाच रस्त्यावरून जाऊ शकतात. वेगळी, उंचावलेली किंवा कठड्याने तोडलेली वाट त्यांनी जास्त वेगाच्या, जास्त वर्दळीच्या रस्त्यांना दिली.

हेच माप वेंगुर्ल्याला लावून पाहा. बाजारपेठेत दुकानाची पायरी जिथे संपते तिथेच डांबर सुरू होते. एका बाजूला दुचाक्या, दुसऱ्या बाजूला माल उतरवणारा टेम्पो, मधून एसटी. तिथे सायकलसाठी पट्टा आखला तर दुसऱ्या दिवसापासून तो पार्किंगचा पट्टा होईल. तिथला उपाय वेगळा: एकाच बाजूला पार्किंग, माल उतरवण्याच्या ठरलेल्या वेळा, आणि बाजारात शिरण्याच्या तोंडाशी रस्ता असा उंचावलेला की गाडी आपोआप हळू होईल. गतिरोधकाचा नुसता उंचवटा टाकू नये. सायकलस्वाराला त्याचा सगळ्यात जास्त त्रास होतो आणि तो चुकवायला सायकल कडेच्या गटाराकडे वळते. सपाट माथ्याचा, दोन्ही बाजूंनी लांब उतार दिलेला उंचवटा हवा, आणि शाळांसमोर त्याच्यावरच झेब्रा पट्टे.

गावाबाहेर पडणारे रस्ते मात्र दुसऱ्या जातीचे आहेत. मोचेमाड, आरवलीवरून शिरोड्याला जाणारा, तुळसमार्गे सावंतवाडीला जाणारा, मठावरून कुडाळ रेल्वे स्थानकाकडे जाणारा, आणि दाभोलीवरून उत्तरेला जाणारा. चिपीचा विमानतळ ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाला, तोही याच तालुक्यात. या रस्त्यांवर पर्यटकांच्या गाड्या, चिऱ्यांचे ट्रक आणि डंपर वेगात असतात, आणि चतुर्थीला, मे महिन्यात मुंबई-पुण्याच्या गाड्यांची भर पडते. इथे रंगाचा पट्टा मारून कोणी वाचणार नाही. इथे सायकलची वाट गाड्यांपासून खरोखर तोडलेली हवी, निदान शाळा आणि तिच्या आसपासच्या वाड्या यांच्यामधल्या दोन-तीन किलोमीटरांत.

एवढेही होत नसेल तर तोवर साइडपट्टी तरी पाहा. मला विचाराल तर वेंगुर्ले तालुक्यातल्या सायकलस्वाराचा सगळ्यात मोठा शत्रू ही साइडपट्टीच आहे. दर दोन-चार वर्षांनी रस्त्यावर डांबराचा नवा थर चढतो, पण कडेची लाल माती तिथेच राहते. पाऊस ती आणखी धुऊन नेतो. काही वर्षांत डांबराची कड अर्ध्या वितीने उंच होते आणि तिला धार येते. मागून हॉर्न वाजला की मूल घाबरून सायकल खाली घेते. चाक धारेवरून उतरते, पुन्हा वर चढताना ते धारेला घासत राहते, हँडल वळते आणि सायकल रस्त्याच्या आत, मागून येणाऱ्या गाडीच्या पुढ्यात आडवी होते. डांबरीकरणाच्या प्रत्येक कामात साइडपट्टी रस्त्याच्या पातळीला आणून, मुरूम टाकून दाबणे हा भाग निविदेत असायला हवा आणि बिल निघण्यापूर्वी तो झालेला असायला हवा. सायकल मार्गावर एक रुपयाही खर्च न करता जिल्ह्यातल्या हजारो मुलांना मिळू शकेल अशी ही सुरक्षा आहे.

आता प्रत्यक्ष मार्गाचे नकाशे समोर आले तर काय पाहावे? आधी रुंदी. एका दिशेच्या मार्गाला निदान दोन मीटर आणि दोन्ही दिशांच्या मार्गाला निदान तीन मीटर स्वच्छ जागा लागते. स्वच्छ म्हणजे तिच्यात विजेचा खांब, डीपी, फलक, झाड किंवा दुकानाचा ओटा येता कामा नये. नकाशात रेषा सरळ असते, जागेवर मात्र मध्येच माड असतो. म्हणून टेप घेऊन स्वतः मोजा. इंडियन रोड्स काँग्रेसने सायकल मार्गांच्या आखणीसाठी १९६२ पासून स्वतंत्र मार्गदर्शिका ठेवली आहे आणि २०१५ मध्ये ती सुधारली आहे. तुमच्या रस्त्याचा नकाशा तिच्याशी जुळवून केला आहे का, हे अभियंत्याला सरळ विचारता येते.

दुसरी गोष्ट, दोन्ही दिशांचा मार्ग रस्त्याच्या एकाच बाजूला काढणे. ठेकेदाराला आणि जागेलाही ते सोयीचे पडते, म्हणून असे प्रस्ताव नेहमी येतात. जिथे एका बाजूला सलग खाडी, गडगा किंवा बाग आहे आणि मध्ये फाटे नाहीत, तिथे ते चालते. पण ज्या बाजूला घरांचे, वाड्यांचे फाटे एकामागून एक फुटतात तिथे ते घातक ठरते. फाट्यावरून मोठ्या रस्त्यावर येणारा चालक ज्या बाजूने गाड्या येतात तिकडे बघतो. उलट्या बाजूने सायकल येईल हे त्याच्या ध्यानीमनी नसते.

तिठे आणि नाके यांच्याकडे सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण वळणाऱ्या गाड्यांमुळे सायकलस्वाराला तिथे मोठा धोका असतो. दाभोली नाक्यासारख्या ठिकाणी शाळा सुटण्याच्या वेळी थोडा वेळ उभे राहून पाहिले की हे लक्षात येते. मोठी गाडी डावीकडे वळते तेव्हा तिची मागची चाके पुढच्या चाकांच्या आतून येतात. डाव्या कडेने सरळ निघालेली सायकल चालकाला आरशात दिसत नाही आणि मागच्या चाकाखाली सापडते. यावर उपाय आहेत आणि ते महाग नाहीत. कोपऱ्याची गोलाई लहान करायची, म्हणजे गाडीला वळताना हळू व्हावेच लागते. सायकलचा मार्ग फाटा ओलांडताना खाली उतरवायचा नाही, त्याच उंचीवर सलग न्यायचा, म्हणजे चढून यावे लागते ते गाडीला. नाक्याच्या कोपऱ्यापासून काही मीटरपर्यंत रिक्षा, टपरी, फलक काहीही उभे राहू द्यायचे नाही, म्हणजे चालक आणि सायकलस्वार एकमेकांना दिसतात. माझ्या मते नाका न सुधारता केवळ सरळ रस्त्यावर बांधलेला मार्ग घेऊच नये. तो मुलांना सुरक्षिततेचा भास देऊन नेमक्या धोक्याच्या जागी सोडून देतो.

कोकणातला पाऊस पुण्याच्या नकाशात नसतो. गुळगुळीत पेव्हर ब्लॉक आणि चकचकीत रंग इथे दुसऱ्याच पावसाळ्यात शेवाळतात. त्यापेक्षा ओले असतानाच झाडूने खरबरीत केलेले काँक्रीट किंवा साधे डांबर बरे. मार्गाला गटाराच्या बाजूने हलका उतार हवा, पाणी साचायला नको. गटारावर स्लॅब टाकून त्यावरून सायकल न्यायची असेल तर दोन स्लॅबमधली फट आणि लोखंडी जाळीच्या सळ्यांची दिशा बघा. सळ्या सायकलच्या दिशेने असतील तर बारीक टायर त्यात रुतते आणि माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो. सळ्या आडव्या हव्यात. खाऱ्या हवेत लोखंडी कठडे आणि खुंट लवकर सडतात आणि गंजलेले तुकडे रस्त्यात उरतात, तेव्हा खुंट काँक्रीटचे किंवा चिऱ्याचे ठेवा. माडांखालून मार्ग नेताना वर बघायला विसरू नका. पडणारा नारळ आणि ओले चुडत यांना सायकल मार्ग ओळखू येत नाही. माड वेळेवर साफ होणार नसेल तर वाट त्याच्या घेराबाहेरूनच न्यावी.

बाहेरच्या अनुभवाकडेही पाहायला हवे. पुणे एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. २००६ नंतर तिथे बीआरटीच्या रस्त्यांलगत आणि इतरत्र पुष्कळ सायकल मार्ग बांधले गेले, २०१७ मध्ये महापालिकेने संपूर्ण शहराचा सायकल आराखडाही मंजूर केला. पैसा आणि कागद दोन्ही होते. तरी बहुतेक मार्ग तुटक राहिले. शंभर-दोनशे मीटर गेले की झाड, बसथांबा, डीपी किंवा पार्क केलेली गाडी, आणि चौक आला की मार्गच संपलेला. सायकलस्वार पुन्हा मुख्य रस्त्यावर आले आणि मार्गावर दुचाक्या धावू लागल्या. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात कोट्यवधी रुपये खर्चून बांधलेला सायकल मार्गही रिकामा पडला, गाड्यांनी व्यापला, आणि शेवटी तो काढून गाड्यांसाठी जागा वाढवण्याचा निर्णय एमएमआरडीएने घेतला. याउलट स्पेनमधल्या सेव्हिल शहराने २००६ पासून दोनेक वर्षांत सुमारे ८० किलोमीटरचे जाळे एकदम उभे केले, एकमेकांना जोडलेले, आणि लोक सायकलवर आले. वेंगुर्ल्याने यातून एवढे घ्यावे: पाच ठिकाणी पाच तुकडे बांधण्यापेक्षा एका वाडीपासून एका शाळेपर्यंतची एकच वाट, पण दारापासून दारापर्यंत अखंड.

किनाऱ्यावरच्या मार्गाचा आग्रह धरणाऱ्यांनी पवईचे प्रकरण वाचावे. पवई तलावाच्या काठाने मुंबई महापालिका सायकल मार्ग बांधत होती. मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे २०२२ रोजी ते काम बेकायदा ठरवले आणि झालेले बांधकाम काढून जागा पूर्ववत करायला सांगितले. आपल्याकडे मांडवीची खाडी, कांदळवन, वाळूचे पट्टे, सागरेश्वरचा किनारा हे सगळे किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांत येते. सायकल पर्यावरणाची मित्र आहे म्हणून तिच्या नावाने खाडीत भराव घालायला परवानगी मिळत नाही, आणि मिळू नये. किनाऱ्याकडे जायला असलेल्या जुन्या पाणंदी आणि वाड्यांमधल्या वाटा दुरुस्त करून, त्यांवर चारचाकीला बंदी घालून सायकलला दिल्या तर तेच काम कमी पैशांत होते.

मागणी कोणाकडे करायची, हेही माहीत हवे. रस्ता कोणाचा आहे ते आधी शोधा. गावातला रस्ता नगरपरिषदेचा, बाहेरचा सार्वजनिक बांधकाम विभागाचा किंवा जिल्हा परिषदेचा. एकाच रस्त्याची मालकी वाटेत बदलते आणि अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ११२ नुसार सार्वजनिक सुरक्षेसाठी ठराविक रस्त्यावर कमी वेगमर्यादा ठरवता येते आणि कलम ११५ नुसार अवजड वाहनांना ठराविक रस्ते किंवा वेळा बंद करता येतात. शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळी गावातून डंपर जाऊ नयेत, ही मागणी कायद्यात बसते. २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १९८-अ हे रस्त्याच्या सदोष आखणीसाठी अधिकारी, सल्लागार आणि ठेकेदार यांनाही जबाबदार धरते, एक लाख रुपयांपर्यंत दंडाची त्यात तरतूद आहे. निवेदनात या कलमांचा उल्लेख करा. प्रत जिल्हा रस्ता सुरक्षा समितीला द्या. चालू कामाचा नकाशा आणि अंदाजपत्रक माहिती अधिकारात मागता येते. गावाची विकास योजना प्रसिद्ध होते तेव्हा हरकतींसाठी ठराविक मुदत असते, ती चुकवू नका. एकदा रस्त्याची रुंदी त्या नकाशात ठरली की पुढची वीस वर्षे तीच राहते.

हे सगळे लहान नगरपरिषदेच्या आवाक्याबाहेरचे आहे असे कोणी म्हणाले तर त्यांना आपला कंपोस्ट डेपो दाखवा. कचरा घरातूनच वेगळा करणे, टाकाऊ प्लास्टिक डांबरात वापरून रस्ते करणे, हे वेंगुर्ल्याने करून दाखवले तेव्हा मोठमोठ्या महापालिकांची माणसे ते बघायला इथे आली होती.

मार्ग होईपर्यंत मुलांना रस्त्यावरून जायचेच आहे, तेव्हा पालकांनी काही गोष्टी आजच कराव्यात. सायकल मुलाच्या उंचीची घ्या. ‘दोन वर्षांनी पुरेल’ म्हणून घेतलेल्या मोठ्या सायकलवरून पाय जमिनीला टेकत नाहीत आणि थांबता येत नाही. पावसात रिमवरचे ब्रेक उशिरा धरतात, म्हणून जून लागण्यापूर्वी ब्रेकची रबरे बदला आणि मुलाला ओल्या रस्त्यावर लवकर, हळूहळू ब्रेक दाबायला शिकवा. मागे लाल रिफ्लेक्टर आणि लाल दिवा, पुढे पांढरा दिवा. पावसाळी संध्याकाळी रेनकोट गडद निळा किंवा काळा नको, पिवळा असू द्या. एका हातात छत्री आणि एका हातात हँडल हे दृश्य आपल्याकडे इतके सवयीचे झाले आहे की त्यातला धोका दिसेनासा झाला आहे. ते बंद करायला हवे. मासळीच्या टेम्पोतून सांडलेल्या पाण्यावरून आणि ओल्या पानांवरून वळताना ब्रेक दाबायचा नाही, सायकल सरळ ठेवून पुढे जायचे.

रस्त्याच्या अगदी कडेला चिकटून चालवू नये, हे मुलांना पुन्हा पुन्हा सांगा. कडेपासून हातभर आत राहिले तर मागच्या चालकाला सायकल दिसते आणि चुकवायला आपल्याकडे जागा उरते. उभ्या गाडीच्या बाजूने जाताना उघडणाऱ्या दाराएवढे अंतर सोडा. एसटी किंवा ट्रक नाक्यावर थांबला असेल तर त्याच्या डावीकडून पुढे शिरू नका, मागेच थांबा. आणि गाडी चालवणाऱ्या वाचकांना एक विनंती: शाळेच्या रस्त्यावर सायकलच्या मागे आलात तर हॉर्न वाजवू नका. मूल दचकते आणि आपल्याच गाडीपुढे येते. वेग कमी करा, जागा मिळाली की दीड मीटर अंतर सोडून पुढे जा.

शाळा जूनमध्ये उघडतात. त्याआधी आपल्या घरापासून मुलाच्या शाळेपर्यंतचा रस्ता एकदा त्याच्याबरोबर सायकलवरून करा. साइडपट्टी कुठे तुटली आहे, कुठल्या नाक्यावर काही दिसत नाही, कुठली जाळी उघडी आहे ते लिहून काढा, फोटो घ्या, आणि वाडीतल्या चार पालकांच्या सह्यांसह ते नगरपरिषदेत किंवा बांधकाम विभागात देऊन अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या.